सेत्तिमियाचा उजवा हात

१

सकाळी कॉफीचं भांडं फुसफुसायला लागलं की मी फडताळातून तेलाची बाटली काढतो. सेत्तिमिया तोवर खिडकीजवळच्या खुर्चीत येऊन बसलेली असते. ती उजवा हात पुढे करते. तळवा वर, बोटं जराशी वाकलेली, हातावर चिमणी उतरणार असावी तशी. मी बाटली तिरकी करून बारीक धार सोडतो आणि ती म्हणते, "पुरे रे, सांडेल."

सांडत कधीच नाही. पण हे म्हटल्याशिवाय आमच्या घरात दिवस उजाडत नाही.

तिचे सांधे धरले आहेत. डॉक्टरांच्या मलमांचा फायदा औषध कंपनीला झाला असेल, तिला झाला नाही. आमच्या टेकडीवरच्या ऑलिव्हचं तेल मात्र तिला मानवतं. बाटलीचं बूच तिला काढता येत नाही, म्हणून हे काम माझं. आयुष्यभर मी वर्तमानपत्रातून महापौरांची आणि मंत्र्यांची सालटी काढली, त्यापायी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. पण माझ्या हातून झालेलं सगळ्यात सरळ काम कोणतं असं विचारलंत, तर मी ही तेलाची धार दाखवीन.

त्या हाताची गोष्ट मोंतारसो गावात सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या संग्रहालयात भाजलेल्या लाल मातीची एक शवपेटी आहे. रोमचं साम्राज्य व्हायच्या कितीतरी आधी या टेकड्यांवर राहणाऱ्या एत्रुस्कन लोकांनी घडवलेली. तिच्या झाकणावर नवराबायको जेवणाच्या पंगतीत लवंडावं तसे डाव्या कोपरावर लवंडले आहेत. तो तिच्या मागे. त्याचा एक हात तिच्या खांद्यावर, दुसरा पुढे तिरका धरलेला, त्यातली सुगंधी तेलाची कुपी कधीच हरवलेली. ते तेल तिच्या तळव्यात पडायचं. पण पेटी सापडली तेव्हा त्या बायकोचा उजवा हात मनगटापासून तुटलेला होता. म्हणजे तो बिचारा एवढी शतकं हवेत ओतत होता.

आम्ही तरुण होतो तेव्हा फ्लॉरेन्सहून एक मूर्तिकार ती दुरुस्त करायला आला. हात नवा करायचा तर नमुना हवा, म्हणून तो गावातल्या बायकांचे हात बघत दुकानोदुकानी हिंडला. पाद्री खवळले, नवरे खवळले. शेवटी संग्रहालयासमोरच्या शिंप्याकडे काजं करणाऱ्या मुलीचा हात त्याने पसंत केला. त्याची बातमी करायला मला पाठवलं होतं. मी गेलो तेव्हा ती मुलगी मनगटापर्यंत प्लास्टरमध्ये हात घालून बसली होती. दुसरा हात तिने टेबलाला टेकवला होता, कारण हलायचं नाही अशी ताकीद होती. मी वही उघडली तर म्हणाली, "प्रश्न नंतर विचारा. आधी माझं नाक खाजवा."

ती सेत्तिमिया. पुढच्या वसंतात आमचं लग्न झालं.

गेल्या शरदात एका सकाळी मी नेहमीसारखं तेल ओतलं आणि ते नाहीसं झालं. ओघळलं नाही, सांडलं नाही. कोऱ्या मडक्याने पाणी प्यावं तसं तिच्या तळव्याने ते पिऊन टाकलं. कातडीवर नुसता एक गडद डाग राहिला आणि तोही बघता बघता वाळला.

"थंडी पडली," ती म्हणाली. "कातडी कोरडी झालीय. अजून ओत."

मी अजून ओतलं.

२

त्याच आठवड्यात संग्रहालयाच्या दारावर नोटीस लागली. नव्या संचालिका डॉक्टर ब्रिजिदा साल्व्हेत्ती यांनी ठरवलं होतं की मातीच्या बाईचा उजवा हात काढायचा. तो अस्सल नाही, तो बघणाऱ्याची फसवणूक करतो, हल्लीच्या शास्त्राप्रमाणे जे तुटलं ते तुटलेलंच दाखवायचं.

माझं डोकं फिरलं. राजधानीतून बदलीवर आलेली ही माणसं आमच्या गावात दोन हिवाळे काढतात आणि जाताना काहीतरी मोडून जातात. मी निवृत्त झालो असलो तरी माझी लेखणी निवृत्त झालेली नाही. जिल्ह्याच्या पत्रात मी जळजळीत लेख लिहिला. ज्या हातावर गावातल्या प्रत्येक नवरीने लग्नाच्या दिवशी आपला हात ठेवला तो खोटा, आणि मंत्रालयातली तुमची कागदी मतं खरी काय, असं विचारलं.

संचालिकाबाईंनी मला बोलावलं. बाई तरुण, नीटनेटक्या, बोलायला मऊ. मी भांडायच्या तयारीने गेलो होतो. त्यांनी कॉफी पुढे केली आणि म्हणाल्या, "लेख उत्तम आहे, बेरार्दीसाहेब. मतभेद समजू शकते. पण हे थांबवा."

"काय थांबवू?"

त्या मला शवपेटीजवळ घेऊन गेल्या. मातीच्या बाईच्या उजव्या तळव्यात तेल होतं. तळव्याच्या खोलगटात साचलेलं, खिडकीच्या उजेडात सोनेरी दिसणारं.

रोज सकाळी दार उघडलं की असतं म्हणे. रोज पुसावं लागतं. त्यांच्या मते हा माझा निषेध होता.

रखवालदार क्विंतिलिओ कोपऱ्यात उभा होता. शाळेत तो माझ्या बाकावर बसायचा; वय उलटलं तरी ही नोकरी त्याने सोडली नव्हती. त्याच्याकडे पाहिलं तर त्याने खांदे उडवले. बाहेर आल्यावर म्हणाला, "नेनो, तूच असशील तर मला सांग. किल्ली माझ्याकडे असते आणि नोकरी माझी जाईल."

"मी लिहितो तेव्हा खाली नाव घालतो," मी म्हणालो. "चोरून तेल ओतायला मी काय नगरसेवक आहे?"

३

माणूस बातमीदार असला की त्याला आधी शेजाऱ्याचा संशय येतो, मग सरकारचा, आणि भुताचा सगळ्यात शेवटी. मी क्विंतिलिओवर संशय घेतला, त्याच्या सुनेवर घेतला, साफसफाईवाल्या बाईवर घेतला. संचालिकाबाई स्वतःच नाटक करत असतील असंही वाटलं. सेत्तिमियावर घेणं शक्य नव्हतं. गुडघ्यांमुळे तिने त्याआधीच्या हिवाळ्यापासून घराचा उंबरा ओलांडला नव्हता.

घरी मात्र तेल मुरत होतं. बाटली पूर्वी महिनाभर पुरायची, ती आता आठवड्यात संपायला लागली. एकदा मी तिचा तळवा नाकाशी नेला. ऑलिव्हचा वास नव्हता. उन्हाने तापलेल्या भिंतीवर पावसाचे चार थेंब पडल्यावर येतो तसा वास होता.

मी स्वतःची समजूत घातली. म्हातारी कातडी, कोरडी हवा. आणि मग, ज्याला पुरावा मागायची खोड लागली आहे असा माणूस करेल तेच केलं. एके दिवशी बाटलीत भरपूर लसूण ठेचून घातला.

सेत्तिमियाने हात पुढे केला, वास घेतला आणि माझ्याकडे बघत राहिली. "मला पावावर फासणार आहेस का?"

"लसूण सांध्यांना चांगला असतो."

"कोण म्हणतं?"

"वाचलं कुठेतरी."

"तू लिहिलेलं नाही ना? मग खरं असेल," ती म्हणाली. तेल मुरलं. तिने हात आपल्या झग्याला पुसला, पण पुसण्यासारखं काही नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी संग्रहालय उघडायच्या वेळी मी दारात उभा होतो. क्विंतिलिओने माझ्यादेखत कुलूप काढलं, झडपा उघडल्या. आतली हवा रात्रभर कोंडलेली. आम्ही दोघं शवपेटीजवळ गेलो. मातीचा नवरा नेहमीचं किंचित हसू घेऊन बायकोच्या मागे लवंडला होता. तिच्या तळव्यात तेल होतं. वाकून वास घेण्याची मला गरज पडली नाही.

क्विंतिलिओने नाक मुरडलं. "लसूण," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "नेनो, तुझ्या कोटालाही येतोय."

त्याने खिशातून रुमाल काढून तो तळवा पुसला. फार हळू पुसला. माझी बायको त्याच्याही ओळखीची आहे.

४

तज्ज्ञ मंडळी आली आणि त्यांनी मातीच्या मनगटावर खूण केली. जुनी माती कुठे संपते आणि नवी कुठे सुरू होते ते पाहायला बारीक पात्याने एक रेघ ओढली, एवढंच.

संध्याकाळी चिकोरीच्या पाल्याचं सूप वाढताना सेत्तिमियाची बाही वर सरकली. तिच्या उजव्या मनगटाभोवती लाल दोऱ्यासारखी एक रेघ होती. पूर्ण गोल.

"हे काय?"

"बाहीचं इलॅस्टिक काचलं असेल."

त्या झग्याच्या बाहीला इलॅस्टिक नव्हतं. ते तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत. झगा तिने स्वतः शिवला होता.

दुसऱ्या दिवशी मी संचालिकाबाईंच्या समोर बसलो आणि आयुष्यात पहिल्यांदा एका अधिकाऱ्याला हात जोडायच्या बेताला आलो. थोडं थांबा म्हणालो. त्यांनी कारण विचारलं. मी गावाच्या भावना सांगितल्या, लग्नाच्या दिवशीच्या नवरींच्या रिवाजाचं सांगितलं, मूर्तिकाराच्या कलेचं सांगितलं. त्या सगळं ऐकून म्हणाल्या, "हे सगळं तुमच्या लेखात होतं. आज तुमचा चेहरा वेगळा आहे. खरं कारण काय आहे?"

खरं कारण माझ्या जिभेवर होतं. पण समोरच्याने पुरावा नसलेलं विधान केलं की त्याची मी किती टर उडवली आहे, हे मला माहीत होतं. लाल रेघ आणि लसूण. कुठल्या संपादकाने छापलं असतं? मीच तो कागद टोपलीत टाकला असता.

"काही नाही," मी म्हणालो. "म्हातारपण."

घरी येऊन मी सेत्तिमियाला सगळं सांगितलं. हसेल असं वाटलं होतं, आणि ती हसलीच. मग हात उलटसुलट करून बघत राहिली.

"एवढी वर्षं ती माझा हात घालून बसलीय," ती म्हणाली. "एकदा तरी तिने भांडी घासलीत?"

"सेत्तिमिया, मी गंमत करत नाहीये. त्यांनी तो कापला आणि तुला काही झालं तर?"

"मला काय व्हायचंय? माझी वस्तू आहे. उसनी दिली होती, परत येतेय." मग तिचा आवाज खाली आला. "तू फक्त तेवढा वेळ माझ्याजवळ बस. लिहायला नको जाऊस. आणि काढल्यावर त्यांना सांग, हात घरी द्या."

५

मातीचा हात कापायचा होता तो दिवस मी तिचं मनगट धरून काढला. आम्ही स्वयंपाकघरात बसलो होतो. बाहेर कुणीतरी मोटारसायकल सुरू करायचा प्रयत्न करत होतं आणि ती होत नव्हती. सेत्तिमिया शेजारणीच्या मुलीच्या लग्नाबद्दल बोलत होती, नवरी सुंदर आहे पण नवरा कसा काकडीसारखा आहे वगैरे.

बोलता बोलता ती थांबली. माझ्या बोटांखालची नाडी थांबली.

हात गार पडला, जड झाला. माझ्या हातात मांस नव्हतं. कुंभाराच्या दुकानात एखादी वस्तू उचलून बघावी तसं काहीतरी होतं. मी ओरडलो नाही. मी तिचं नाक खाजवलं. का ते मला सांगता येणार नाही. त्या क्षणी एवढंच सुचलं.

तिने खोल श्वास घेतला. मनगटाखाली एक ठोका पडला, मग दुसरा. हात ऊबदार होत गेला.

"काकडीसारखा," ती म्हणाली. "कुठपर्यंत आले होते मी?"

दुपारी क्विंतिलिओ बुटाच्या खोक्यात तो हात घेऊन आला. संचालिकाबाईंनी नोंद करून स्वतः पाठवला होता, सोबत सेत्तिमियाला नमस्कार. बाई वाईट नव्हत्या. ज्याच्यावर रागवायचं तो माणूस वाईट निघाला नाही की माझी फार पंचाईत होते.

क्विंतिलिओने कॉफी घेतली, पण बसला नाही.

"तिचा हात गेला हे ठीक," तो दारात म्हणाला. "पण त्या मातीच्या नवऱ्याचं तोंड बघ एकदा येऊन. मी इतकी वर्षं त्या खोलीत बसतोय. तो तिच्याकडे बघतो असंच मला वाटायचं."

"आणि आता?"

"आता दाराकडे बघतो."

उजेड बदलला असेल, मी म्हणालो. शरदात ऊन तिरकं येतं. क्विंतिलिओ म्हणाला, हो, तसंच असेल.

६

पुढचे दिवस आमच्या घरातले सगळ्यात चांगले दिवस होते, हे मला नोंदवलंच पाहिजे.

मातीचा हात आम्ही फडताळावर, मिठाच्या बरणीशेजारी ठेवला. सेत्तिमियाचा आखडलेला हात मोकळा झाला. तिने सुईत दोरा ओवला आणि मला दाखवला. कणीक मळली. माझ्या सदऱ्याची कित्येक वर्षं लोंबत असलेली बटणं लावली आणि प्रत्येक बटणागणिक माझ्या वाढलेल्या पोटावर टोमणा मारला. रेडिओ लावून तिने मला स्वयंपाकघरात दोन गिरक्याही घ्यायला लावल्या. मी म्हटलं, संचालिकाबाईंची माफी मागणारा लेख लिहायला हवा. ती म्हणाली, "एवढं करू नकोस. लोकांना तू आजारी आहेस असं वाटेल."

तेल आता मुरत नव्हतं. पूर्वीसारखं तळव्यात साचायचं, चमकायचं, आणि ती दोन्ही हातांना चोळायची. लाल रेघ पुसट होऊन गेली.

मग एका सकाळी मी कॉफी चढवली, बाटली काढली आणि तिच्याकडे वळलो. ती हात चोळत होती. बोटं तेलाने ओली होती.

"कुणी दिलं?"

"म्हणजे काय? तूच तर आत्ता ओतलंस." ती माझ्याकडे न बघता बोलली, खिडकीबाहेर बघत, अगदी सहज.

बाटली माझ्या हातात होती. बूच घट्ट होतं. मी तिचा हात हातात घेतला आणि वास घेतला. आमचं तेल नव्हतं. कसल्यातरी मुळाचा, राळेचा वास, चर्चमधल्या धुपासारखा पण त्याहून गोड, आणि फार जुना. आजीची पेटी उघडल्यावर यावा तसा म्हटलं असतं, पण कुठल्याही आजीच्या आधीचा.

मी कारणं शोधली. शेजारणीने अत्तर आणून दिलं असेल. बूच सेत्तिमियाने स्वतः काढलं असेल, आता हात बरा आहे, आणि माझी थट्टा करत असेल. तिला थट्टेची सवय आहेच. पण आंघोळीला जातानाही मी स्वयंपाकघराचं दार उघडं ठेवायला लागलो.

मातीचा हात फडताळावर होता तिथेच होता. तळवा वर. कोरडा.

मी तो खोक्यात घालून संग्रहालयात परत द्यायला निघालो. दारापर्यंत गेलो. पाठीमागे सेत्तिमिया शिवणयंत्रावर गुणगुणत होती, आणि यंत्राचा आवाज मी किती वर्षांनी ऐकत होतो ते मला आठवलं. तो परत दिला तर काय होईल, कुणाला विचारणार? मी खोकं परत फडताळावर ठेवलं.

७

काल दुपारी जेवणं झाली. सेत्तिमिया पडायला गेली. मी भांडी घासली. सकाळी डॉक्टर येऊन गेल्यामुळे तेल लावायचं राहून गेलं होतं, ते मला शेवटची बशी पुसताना आठवलं. फडकं तसंच हातात घेऊन मी बाटली उचलली आणि आतल्या खोलीच्या दारात गेलो.

झडपा लावलेल्या होत्या. फटींतून उन्हाच्या पट्ट्या पडल्या होत्या. गावात दुपारची शांतता होती, कुत्रंही भुंकत नव्हतं. सेत्तिमिया दिवाणावर डाव्या कोपरावर लवंडली होती, पाठीशी उशा. डोळे मिटलेले, ओठांवर किंचित हसू. या बाईवर आपला किती जीव आहे हे अशाच वेळी कळतं, ती झोपलेली असते तेव्हा, आणि आपल्याला काही सिद्ध करायचं नसतं तेव्हा. तिचा उजवा हात पुढे होता. तळवा वर, बोटं जराशी वाकलेली.

तिच्या खांद्यावर एक हात होता. सावकाश, सवयीने ठेवलेला. तो तिथे शोभून दिसत होता. मी मायेने त्याच्याकडे बघत राहिलो, कारण एवढ्या वर्षांत तिच्या खांद्यावर मी माझ्याशिवाय कुणाचा हात पाहिलाच नव्हता, म्हणून तो माझाच आहे असं मी धरून चाललो होतो.

मग उन्हाची पट्टी त्याच्यावर सरकली. तो लाल होता. बोटं फार लांब होती.

मी खाली बघितलं. माझ्या एका हातात बाटली होती, दुसऱ्यात फडकं.

"पुरे रे," सेत्तिमिया झोपेत म्हणाली, फार लाडाने. "सांडेल."

बाटलीचं बूच मी अजून काढलं नव्हतं.